गेलाय की जाऊन आलाय?

शिक्षक मित्रांनो, ‘हॅज गॉन टू’ आणि ‘हॅज बीन टू’ यांतला फरक तुम्ही वर्गात कसा सांगता? मी बरीच वर्षं ‘दोन्ही चालतं’ म्हणून पुढे जायचो. डी.एड.ला असताना मी तो कुणाला विचारलाच नव्हता.

झाई म्हणजे महाराष्ट्राच्या किनाऱ्याचं उत्तरेकडचं टोक, पुढे लगेच गुजरात. १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी मासेमारी बंदी संपली की बोटी निघतात. डहाणू-तलासरीचे बरेच खलाशी तर ओखा, पोरबंदरच्या बोटींवर महिनोन्‌महिने असतात. सागरी हद्द ओलांडली म्हणून पाकिस्तानात अडकलेलेही त्यांच्यात आहेत.

पाचवीला वडिलांवर पाच वाक्यं दिली होती. एका मुलीने विचारलं, “सर, बाबा पोरबंदरला गेलाय, ते कसं लिवायचं?” मी म्हटलं, गॉन लिही नाहीतर बीन लिही. तिने लिहिलं, ‘माय फादर हॅज बीन टू पोरबंदर.’ मी लाल पेनाने बरोबरची खूण केली.

पुढे व्याकरणाचं पुस्तक चाळताना चूक कळली. ‘बीन’ हे ‘गो’चं रूपच नाही, ते ‘बी’चं, म्हणजे असण्याचं. ‘हॅज बीन टू’ म्हणजे जाऊन आलाय. ‘हॅज गॉन टू’ म्हणजे गेलाय, अजून परतला नाही. म्हणूनच वर्गात उभं राहून ‘आय हॅव गॉन टू डहाणू’ म्हणता येत नाही. (हे सांगितलं की मुलं खूप हसतात, करून बघा.) आणि ‘टू’च्या जागी ‘इन’ आलं की गंमत उलटते: ‘ही हॅज बीन इन पोरबंदर सिन्स ऑगस्ट’ म्हणजे ऑगस्टपासून तिथेच आहे. आपल्या मराठीत ‘गेलाय’ आणि ‘जाऊन आलाय’ यांत पहिलीचं मूलही गोंधळत नाही. मग इंग्रजीत आधी तेच का विचारू नये: माणूस परत आला का?

दुसऱ्या दिवशी तिची वही मागितली. तिचे बाबा अजून बोटीवरच होते, आणि माझ्या लाल खुणेनुसार ते कधीच घरी आले होते. “चूक माझी होती,” मी सांगितलं. तिने ‘बीन’ खोडून ‘गॉन’ लिहिलं.

“आणि आल्यावर?”

“आल्यावर बीन.”

तिने त्याखाली एक ओळ मोकळी सोडली.