व्हायकिंग, चाचे आणि सरखेल

'व्हायकिंग' हा शब्द आज एखाद्या जमातीच्या नावासारखा वापरला जातो. जुन्या नॉर्स भाषेत मात्र तो कामाचा निदर्शक होता. 'व्हीकिंग' म्हणजे समुद्रापारची मोहीम आणि 'व्हीकिंगर' म्हणजे तीवर जाणारा माणूस. व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. कोणी तो 'वीक' म्हणजे खाडी या शब्दाशी जोडतात, कोणी ऑस्लोजवळच्या वीकेन प्रदेशाशी, तर कोणी वल्हेकऱ्यांच्या पाळीशी. इ. स. ७९३ मध्ये लिंडिस्फार्नचा मठ लुटला गेला. त्याची हकीकत लिहिली ती मठाच्या बाजूच्या लोकांनी. नॉर्स वीरांच्या कथा आइसलँडमध्ये ग्रंथबद्ध झाल्या त्या काही शतकांनंतर.

मी थेरगावचा. आमच्या पवनेचे पाणीदेखील भीमा-कृष्णेच्या वाटेने पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला जाते; कोकणचा समुद्र सह्याद्रीपलीकडे राहतो. तरीही या शब्दाचा विचार करताना मला कान्होजी आंग्रे आठवतात. इंग्रजांच्या कागदांत ते 'पायरेट', म्हणजे चाचे. आमच्या लेखी ते सरखेल. १७१३च्या तहानंतर छत्रपती शाहूंच्या आरमाराचे प्रमुख. त्यांचे दस्तक न घेता जाणारे जहाज ते पकडत. हीच रीत पोर्तुगीजांनी 'कार्ताझ' नावाच्या परवान्याने सोळाव्या शतकापासून चालवली होती. मग तीच कृती एकाकडे राजसत्ता आणि दुसऱ्याकडे दरोडा कशी ठरते?

पुढे दोन्ही नावांचे भाग्य पालटले. एकोणिसाव्या शतकातील कवींनी व्हायकिंगांना वीर केले. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या अमेरिकी यानांचे नाव 'व्हायकिंग' होते. मुंबईतील नौदलाच्या तळाला १९५१ मध्ये 'आंग्रे' हे नाव मिळाले. 'चाचे' हा मराठी शब्द मात्र शिवीच राहिला. सोमालियाच्या किनाऱ्यावरील लुटारूंसाठी आपल्या वृत्तपत्रांनी तोच वापरला.

कान्होजींना कोणी चाचे म्हटले की मला राग येतो, आणि तो मला रास्त वाटतो, कारण त्यांच्यामागे राज्य होते, तह होते, परवान्याचा नियम होता. लिंडिस्फार्नच्या साधूंना असा कोणताही नियम कोणी सांगितला नव्हता. पण मग व्हायकिंगांच्या कथा आपण इतक्या कौतुकाने का वाचतो? लुटले गेलेले लोक आपले नव्हते, एवढेच कारण असेल, तर इंग्रज लेखनिकांवर रागावण्याचा आपला अधिकार थोडा कमी होतो.