नंबर नोंदलेला नाही

आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला दीड फुटाची एक जागा आहे, तिथं मोबाइलला चार काड्या येतात. २०२०च्या एप्रिलपासून तेच माझं ऑफिस. बारामतीहून काटेवाडीकडे निघालं की वाटेत पिंपळी लागते. लॉकडाऊन लागता लागता पुण्यातली खोली सोडून मी इथं आलो. डोक्यावर पत्र्याची सावली, मांडीवर लॅपटॉप, समोर अण्णांचा ऊस. त्या वर्षी तुकोबांची पालखीसुद्धा आमच्या रस्त्यानं चालत आली नाही.

काम होतं बारा लिनक्स मशीन सांभाळायचं. ती मुंबईतल्या कुठल्याशा डेटा सेंटरमध्ये होती, यापलीकडे मला काही माहीत नव्हतं. त्यांच्यापर्यंत जायचा रस्ता म्हणजे एसएसएच. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात कोणीतरी नेटवर्कवर नजर ठेवून लोकांचे पासवर्ड उचलले, तेव्हा तिथल्या तातू यलोनेननं हे लिहिलं. तोवर लोक टेलनेट वापरायचे, म्हणजे पासवर्ड पोस्टकार्डावर लिहून पाठवल्यासारखा उघडा जायचा. एफटीपीचं पोर्ट २१ आणि टेलनेटचं २३. मधलं २२ मोकळं होतं, ते त्यानं मागून घेतलं.

नवीन मशीनला पहिल्यांदा जोडताना आपलाच लॅपटॉप अडवतो. समोरच्याची ओळख पटत नाहीये, पुढं जायचं का, असं विचारतो. नुसतं 'वाय' दाबून चालत नाही, 'येस' पूर्ण लिहावं लागतं. सोबत समोरच्या मशीनचा ठसाही दाखवतो. तो खरं तर ताडून बघायचा असतो. मी अजून कोणाला ताडताना पाहिलेलं नाही, स्वतःला धरून.

बारा मशीन कागदावर सारखी होती. प्रत्यक्षात प्रत्येकात कोणीतरी कधीतरी रात्री दोनला शिरून काहीतरी 'तात्पुरतं' करून ठेवलं होतं, आणि करणारे कधीच नोकरी सोडून गेले होते. हा आजार जुना आहे. ऑस्लोतल्या मार्क बर्जेसनं १९९३ मध्येच त्यावर सीएफइंजिन काढलं होतं. आम्हाला वापरायचं होतं अ‍ॅन्सिबल, मायकेल डीहाननं २०१२ मध्ये आणलेलं. नाव उर्सुला ले ग्विनच्या कादंबऱ्यांतून आलंय. तिथं अ‍ॅन्सिबल म्हणजे ताऱ्यांमधल्या अंतरावरही क्षणात निरोप पोचवणारं यंत्र.

ते बसवायला तसं सोपं. फक्त आपल्या लॅपटॉपवर बसवायचं. समोरच्या मशीनवर एसएसएच आणि पायथन असलं की झालं, आणि ते बहुतेक ठिकाणी असतंच. हॉटस्पॉटवर डाउनलोडला वीस मिनिटं गेली. मग एका फाइलीत बाराही मशीनचे पत्ते लिहिले आणि 'पिंग' म्हणून हाक मारली. बारा वेळा 'पाँग' आलं. खरं सांगतो, गच्चीवर एकटाच हसलो.

यातली गंमत अशी की काय करायचं ते लिहायचं नसतं, कसं असायला हवं ते लिहायचं. आधीच तसं असेल तर हिरव्या अक्षरात 'ओके' येतं आणि तो पुढं जातो. नसेल तर बदलतो आणि पिवळं 'चेंज्ड' दाखवतो. कितीदाही चालवा, बिघडत काही नाही. अण्णा दारं धरताना असंच तर करतात. सरी भरलेली असली की पुढच्या सरीवर.

तिसऱ्या दिवशी लीडनं सांगितलं, पासवर्डनं लॉगिन बंद कर, फक्त चावीनं ठेव. चावी जोडीनं बनते. एक आपल्याकडे राहते, दुसरी समोरच्या मशीनवर ठरलेल्या फाइलीत ठेवायची. त्या फाइलीत ज्याची चावी, त्यालाच दार. मी नीट लिहिलं, चालवलं. बाराही ओळी पिवळ्या. पुन्हा चालवलं. बाराही लाल: 'अनरीचेबल'.

चावी मी दुसऱ्याच युजरच्या घरात ठेवली होती, आणि त्या युजरला आत यायची परवानगीच नव्हती. अ‍ॅन्सिबलचं काही चुकलं नव्हतं. त्यानं मी लिहिलेलं अक्षरशः केलं होतं, बारा वेळा. हातानं करत असतो तर एकच मशीन गेलं असतं.

लीडकडे वेब कन्सोलचा मार्ग होता, म्हणजे मशीनच्या पुढ्यात बसून टाइप केल्यासारखं. तिनं एकेक उघडून दिलं. ओरडली नाही. "अरे, आधी एकावर चालवायचं. आणि पहिली खिडकी बंद करायच्या आधी दुसरीतून आत जाऊन बघायचं," एवढंच म्हणाली. चालू असलेली जोडणी सहसा तुटत नाही, नव्यानं येणाराच अडतो. म्हणून आत असताना सगळं ठीकच वाटतं.

२०२१च्या एप्रिलमध्ये अण्णांना कोविड झाला. बारामतीत बेड मिळाला, ऑक्सिजन लागला. आत कोणाला सोडत नव्हते. अण्णांचा फोन त्यांच्या उशाशी होता, तो दुसऱ्या दिवशी बंद पडला.

विहिरीवरच्या मोटरला मोबाइल स्टार्टर आहे. आत सिमकार्ड असलेला पत्र्याचा बॉक्स. फोन लावला की बाई बोलते, मोटर चालू झाली आहे. अण्णा लग्नाच्या पंगतीत बसूनही मोटर चालू करायचे. त्या आठवड्यात रात्रीची लाईट होती आणि ऊस पाण्यावर आला होता. मी गच्चीवरून फोन लावला. एक रिंग वाजून कट. पुन्हा लावला, पुन्हा कट. बॉक्स फक्त नोंदलेल्या नंबरांचं ऐकतो, आणि नोंदलेला नंबर एकच होता. नवा घालायचा तर मेसेजही त्याच नंबरावरून जायला हवा.

बॅटरी घेऊन विहिरीवर गेलो. बॉक्स उघडून हिरवं बटण दाबलं, मोटर चालू झाली. म्हणलं, जमलं. पुढ्यात तीन व्हॉल्व्ह. एकाला आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी, एकावर दगड, तिसरा मोकळा. मी मोकळा उघडला. पाइपात पाणी धावल्याचा आवाज आला, ते ऐकत बांधावर बसून राहिलो.

सकाळी ऊस कोरडाच. ओढ्याला मात्र पाणी. तिसरी लाइन खाली फुटलेली होती आणि अण्णांनी ती सहा वर्षं बंद ठेवली होती. हे त्यांच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. दगडाचा अर्थ काय, चिंधीचा काय, तेही नाही.

दुपारी एका सिस्टरनं स्वतःच्या फोनवरून अण्णांशी बोलणं करून दिलं. त्यांना दम लागत होता. पहिलंच वाक्य, "उसाला पाणी दिलं का?"

"दिलं," मी म्हणालो.

व्हॉल्व्हचं विचारायचं होतं. पण ते विचारलं असतं तर दिलं नाही हे कळलं असतं. फोन ठेवला. मग तीन रात्री मी आणि आई एकेक व्हॉल्व्ह उघडून कुठं पाणी निघतं ते बघत फिरलो. अर्ध्या एकराचा तुकडा वाळला तो वाळलाच.

अण्णा सतरा दिवसांनी घरी आले. महिन्याभरानं मी वही घेऊन म्हणालो, "अण्णा, शेतातलं सगळं एकदा सांगा, लिहून ठेवतो."

"लिहून ठेवायला मी काय निघालोय का?"

मी वही बंद केली. त्यावर काय बोलायचं हे मला आजही सुचलेलं नाही.

दोन दिवसांनी चहा पिता पिता ते आपणहून उठले. काठी घेऊन हळूहळू विहिरीपर्यंत आले, दोनदा थांबून. "ही चिंधी म्हंजी खालचं रान. हिला आधी अर्धंच उघडायचं, नाहीतर मोटर दम खाती. फिल्टर चार दिवसांनी धुवायचा. त्यो दगड ठेवलाय तिथं पॅकिंग गेलंय, दगड हलवू नको." मी लिहीत गेलो. 'ही लाइन बंद असायला हवी' असं तिसऱ्यापुढं लिहिलं, तेव्हा त्यांनी वहीत डोकावलं. ओढ्यातल्या पाण्याबद्दल त्यांना कोणीतरी आधीच सांगितलं असणार. काही बोलले नाहीत.

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि बॉक्सला मेसेज करून माझा नंबर घातला. पाठवण्याआधी एकेक आकडा मोठ्यानं वाचून माझ्याकडून ताडून घेतला.

"आता हिचा पण घालतो," म्हणाले.

आईनं चुलीपुढं बसून फोन लावला, स्पीकरवर. बाई बोलली, मोटर चालू झाली आहे. "बरं बाई," आई म्हणाली आणि भाकरी उलटली.