श्रीरंगपट्टणची भिंत

गतवर्षी माघात आम्ही सहकुटुंब श्रीरंगपट्टणास गेलो होतो. श्रीरंगनाथाचे दर्शन झाल्यावर दर्या दौलत बागेतील महाल पाहिला. टिपू सुलतानाने तो १७८४ साली बांधविला. त्याच्या पश्चिमेकडील भिंतीवर पोलिलूरच्या लढाईचे प्रचंड चित्र आहे. कांचीनजीक १० सप्टेंबर १७८० रोजी हैदर व टिपू यांनी कर्नल बेलीच्या इंग्रजी फौजेचा धुव्वा उडविला, तो हा प्रसंग. पालखीत जखमी बेली, सभोवती शिपायांचा चौकोन, मध्येच भडकलेला दारूगोळा आणि चहूंकडून घोडदळाची चाल! त्या वर्षी नाना फडणविसांचा हैदराशी इंग्रजांविरुद्ध तह झालेला होता, हे स्मरून आम्ही बराच वेळ तेथे उभे राहिलो.

१७९९ साली टिपू पडला आणि कर्नल वेलस्ली याच महालात राहिला. आपल्या पराभवाचे चित्र पुसून टाकणे इंग्रजांस अवघड नव्हते. परंतु त्याने ते दुरुस्त करविले. पुढे लॉर्ड डलहौसीनेही ते नव्याने रंगवून घेतले. आज दिसणारा रंग सर्वस्वी मूळचा नव्हे. आठवण मात्र मूळचीच.

आमच्या वाड्याच्या ओटीवर पणजोबांनी काढविलेले एका लढाईचे चित्र होते. धाकट्या बंधूंच्या लग्नात, आमच्याच सांगण्यावरून, त्यावर चुना फिरला. परतताना नातवाने विचारले, "आजोबा, आपल्या भिंतीवर कोणती लढाई होती हो?" आम्हांस घोड्यांचे रंग आठवले, लढाईचे नाव आठवेना. शत्रूंनी जे जपले, ते आम्ही घरच्यांनीच पुसले होते. वाचकहो, चुन्याची बादली आणण्यापूर्वी घरातील वडील माणसांस एकवार विचारावे, इतकेच सांगणे.