त्रयस्थ आणि मध्यस्थ

बेळगावहून खानापूरकडे जाणारी संध्याकाळची बस गच्च भरली होती. जागेवरून वाद झाला आणि दोन तरुण एका वृद्ध शेतकऱ्याला अद्वातद्वा बोलू लागले. वृद्धाला कन्नडखेरीज भाषा येत नव्हती. ‘मराठीत बोल’ असा तरुणांचा धोशा होता. तरुण आपले होते. आम्ही तिघे मागच्याच बाकावर होतो. कचेरीत आपल्या माणसाला भाषेवरून हिणवले की तावातावाने निवेदने लिहिणारे आम्ही, त्या दिवशी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

भीती मारहाणीची नव्हती. आपल्याच पोरांना बोललो तर घरभेदी ठरू, ही होती. शिवाय बसमध्ये पन्नासएक माणसे होती. कोणीतरी बोलेलच, असे आम्हांला वाटले. बहुधा त्या पन्नासांनाही तसेच वाटले असावे.

१९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. अडतीस जणांनी तो स्वस्थ पाहिला, ही त्या वेळची बातमी पुढे अतिरंजित ठरली. परंतु तिच्यातून जॉन डार्ली आणि बिब लाताने यांच्या प्रयोगाला चालना मिळाली. १९६८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दुसऱ्या खोलीतल्या माणसाला झटका आल्याचे आपण एकटेच ऐकतो आहोत, असे समजणाऱ्यांपैकी ८५ टक्क्यांनी तो झटका ओसरण्याआधीच मदतीसाठी हालचाल केली. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटले, तेव्हा हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. जबाबदारी वाटली गेली की ती कोणाचीच उरत नाही.

बसमध्ये अखेर उठली ती भाजीची रिकामी पाटी घेतलेली एक बाई. तरुणांशी ती भांडली नाही. ‘अज्जा, हितं बसा की,’ एवढेच म्हणाली आणि सरकून तिने जागा दिली. शब्द मराठी होते, हाक मात्र दोन्ही भाषांची. तरुण गप्प झाले.

आपल्या भाषेत दोन शब्द जवळजवळ राहतात. त्रयस्थ म्हणजे तिसऱ्या जागी उभा असलेला. मध्यस्थ म्हणजे मध्ये उभा राहिलेला. दोघांतले अंतर एका पावलाचे. ते पाऊल उचलायला शौर्य लागतेच असे नाही. कधी सरकून दिलेली वीतभर जागाही पुरते. सीमेवर राहणाऱ्या आम्हां माणसांना ‘मध्ये’ असणे जन्मतःच लाभले आहे. तरीही त्या संध्याकाळी आम्ही त्रयस्थच राहिलो. भाषेचा अभिमान सांगण्याआधी ही कबुली देणे आम्हांला आवश्यक वाटते.