भिंतीवरचे शब्द

आमच्या भालकीकडे घरात मराठी, बाजारात कन्नड. दोन्हींत माझं काही अडत नाही. इंग्रजी आलं की मात्र तोंड मिटायचं. मुलाच्या पालकसभेत मी नुसती मान हलवून परत येई. विचारायचं ते राहूनच जाई.

आता सून परीक्षेच्या तयारीला लागली आहे. रोज पाच अवघड इंग्रजी शब्द कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवते. भाकरी थापता थापता मीही वाचू लागले.

एकदा ‘इक्वॅनिमिटी’ आला. चारदा घोकला, चारदा विसरले. सून म्हणाली, “आई, मूळ लॅटिन आहे. ‘इक्वस’ म्हणजे सम, ‘ॲनिमस’ म्हणजे मन.”

आतून सासूबाईंचा आवाज आला, “म्हणजे समताभावच की गं!”

सासूबाईंनी शाळा पाहिली नाही. पण रोज दोन घटका, म्हणजे 48 मिनिटं, त्या सामायिकाला बसतात, तो समताभाव अंगी यावा म्हणूनच. त्या दिवसापासून तो शब्द मी विसरले नाही.

आपल्या कलबुर्गीजवळच्या मळखेडला 10व्या शतकात पुष्पदंतांनी अपभ्रंशात ‘महापुराण’ रचलं. मुलूख कन्नडचा, तरी त्यांची भाषा वेगळी. आपल्यात इतक्या भाषा नांदल्या, मग मी एका इंग्रजीला का भ्यावं?

पुढच्या महिन्यात नातवाची पालकसभा आहे. सुनेचा त्याच दिवशी पेपर आहे. मी जाणार आहे. दोन प्रश्न लिहून ठेवलेत. अडखळेन, पण विचारीन.