फुललेली पिसे

झेब्रा फिंच हा मूळचा ऑस्ट्रेलियातला पक्षी. वजन जेमतेम 12 ते 15 ग्रॅम. आमच्याकडे 11 होते. बाजारातून आणलेली नवी जोडी महिनाभर वेगळी ठेवावी, हे वाचलेले असूनही आम्ही उभयतांनी ती त्याच संध्याकाळी त्यांच्यात सोडली. आठवड्याभराने एक मादी पिसे फुलवून कोपऱ्यात बसली. थंडी असेल, असा अर्थ आम्ही लावला (अर्थ लावणे हाच आमचा व्यवसाय!). हे पक्षी आजार अखेरपर्यंत लपवतात. पहाटे ती तळाशी निष्प्राण होती. दुपारपर्यंत आणखी दोघे गेले. मग आजाऱ्यांना वेगळे खोके, दिव्याची ऊब, भांड्यांना उकळते पाणी. पशुवैद्यांना विष्ठेत कॉक्सिडिया हे परजीवी सापडले. औषध पाण्यातून दिले. जुन्यांपैकी 8 वाचले. नवी जोडी पहिल्यापासून ठणठणीत आहे. तिला दाणे घालताना आम्ही एकमेकांकडे पाहत नाही.