ताईचं बागामोयो

दार-ए-सलामपासून उत्तरेला साधारण ७० किलोमीटरवर बागामोयो आहे. पुढ्यात हिंदी महासागर, पाण्यापलीकडे झांझिबार. ओहोटीला इथला समुद्र इतका मागे सरतो की होड्या ओल्या वाळूत एका कुशीवर कलंडतात आणि बाया-पोरं त्यांच्यामधून वाट काढत लांबवर चालत जातात. ताई इथल्या एका माध्यमिक शाळेत स्वयंसेवक म्हणून गणित शिकवायला आली होती. ती नाशिकला परतल्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी तिचं गाव पाहायला आले.

जुन्या गावात प्रवाळाच्या दगडांची घरं आहेत. कित्येकांचा गिलावा सुटलाय, पण कोरीव दारं अजून देखणी आहेत. एकोणिसाव्या शतकात टांगानिका सरोवराकडून निघालेले तांडे महिनोन् महिने चालून इथे पोचत. हस्तिदंत आणि गुलाम म्हणून धरलेली माणसं, दोन्ही याच किनाऱ्यावरून गलबतांत चढत. ताई रोज या गल्ल्यांतून शाळेत जायची. मी त्या वाटेने सावकाश चालले.

शाळेत मुलं उठून उभी राहिली आणि एका सुरात नमस्कार म्हणाली. फळ्यावर अपूर्णांक होते, दुसऱ्या कुणाच्या अक्षरातले. शिक्षक नवे होते. ताईचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. मला गलबलून आलं.

नाव ठाऊक होतं ते तिच्या शेजारच्या आजींना. नातवाच्या मदतीने त्या माझ्याशी बोलल्या. गणिताचा विषयसुद्धा निघाला नाही. त्यांना आठवत होती ती नारळ खवायला बसलेली मुलगी. आमच्या घरात रोजच्या भाजीला शेंगदाण्याचं कूट, नारळ सणावारापुरता. इथे मात्र नारळाच्या दुधावाचून राजमाही शिजत नाही. आजींनी आतून ती बुटकी लाकडी खवणी आणली, तिच्यावर बसून दाखवलं आणि ताईची बोटं कशी सोलवटायची ते सांगताना त्यांचे डोळे भरून आले. जिला शिकवलं तिची आठवण त्यांनी इतकी जपली होती.

दुपारी मी आंब्याच्या झाडांखालून जुन्या मिशनकडे गेले. कॅथलिक धर्मगुरूंनी १८६८ मध्ये ते सुरू केलं आणि सोडवलेल्या गुलामांना आसरा दिला. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १ मे १८७३ रोजी आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले. त्यांच्या आफ्रिकी सोबत्यांनी तो देह मिठात राखला, उन्हात वाळवला आणि खांद्यावरून हजारभर मैल चालत फेब्रुवारी १८७४ मध्ये इथे आणला. त्यांच्यात जेकब वेनराइट होता. लहानपणी गुलामीतून सुटलेला हा मुलगा आमच्या नाशकात, शरणपूरच्या मिशनमध्ये शिकला होता. लिव्हिंग्स्टन यांचं हृदय ज्या झाडाखाली पुरलं, तिथे प्रार्थना त्याने वाचली, आणि झाडाच्या खोडावर मृत्यूची नोंदही त्यानेच कोरली. शरणपूर रस्त्याने आम्ही बहिणी शाळेत जायचो. त्या रस्त्यावरची अक्षरं इतक्या लांब चालत गेली होती.

मिशनच्या आवारात मी बराच वेळ बसून राहिले. नाशकात त्या मुलाचा हात धरून ज्याने कुणी पहिली अक्षरं गिरवून घेतली, त्याला ती कुठल्या अरण्यात, कुणाच्या दुःखात कामी येणार हे कसं कळणार होतं? त्याने त्या दिवसाचा धडा दिला, एवढंच. बाकीचं त्या मुलाने केलं.

संध्याकाळी ताईचा फोन आला. शाळेत कुणी आठवण काढली का, असं तिने जरा बिचकतच विचारलं. मी तिला खरं तेच सांगितलं. मग आजींचं सांगितलं, जेकबचं सांगितलं. म्हटलं, ताई, तू शिकवलेलं गणित आज कुणाच्या हिशेबात आहे, कुणाच्या घराच्या मापात आहे, ते आपल्याला कधीच कळणार नाही. कळायची गरजही नाही. शिकवणाऱ्याने मन लावून शिकवावं. पुढे त्याचं काय करायचं तो अधिकार शिकणाऱ्याचा, आणि तो त्याच्याकडेच असलेला बरा.